दुधाचे खाडे मोजता येतात ना? मग घरचा डेटाबेसही जमेल

ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरातल्या यूपीआय व्यवहारांनी पहिल्यांदाच एका महिन्यात २००० कोटींचा आकडा ओलांडला. त्यातले आपल्या घरचे किती, ते बघायला बँकेचं स्टेटमेंट उघडा. पूर्वी पासबुकात महिन्याला आठ-दहा ओळी असायच्या. पगार, वीजबिल, दोनदा एटीएम, संपलं. आता पानंच्या पानं भरतात आणि निम्मी नावं ओळखू येत नाहीत. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर क्यूआर कोड असतो तो गाडीवाल्याच्या मेहुण्याचा. तीन आठवड्यांनी स्टेटमेंटमध्ये त्या मेहुण्याचं पूर्ण नाव, एक बारा आकडी क्रमांक आणि साठ रुपये एवढंच दिसतं. मग घरात प्रश्न येतो, "हा कोण गं?"

अशा वेळी माणूस घरखर्चाचं ॲप शोधायला लागतो. मलाही वरचेवर विचारतात, "एखादं साधंसं सांग ना." माझं म्हणणं असं, की ॲप मागाहून बघू, आधी वही कशी आखायची ते ठरवू. वही नीट आखली असेल तर कुठलंही ॲप चालतं. ती चुकली असेल तर महागातलं ॲपसुद्धा चुकीचीच बेरीज करतं, फक्त रंगीत गोल काढून.

## डेटाबेस हे भिंतीवर टांगलेलंच असतं

डेटाबेस म्हटलं की बँकेचे सर्व्हर वगैरे डोळ्यांपुढे येतात. त्यापेक्षा स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघा. दूध रोजचं एक लिटर ठरलेलं. ज्या दिवशी घेतलं नाही त्या चौकटीत 'खाडा'. पाहुणे आले त्या दिवशी '२ लि.' एका चौकटीत सिलिंडर लावल्याची खूण. महिनाअखेरीला खाडे मोजायचे, तिसातून वजा करायचे, जास्तीचं दूध मिळवायचं, भावाने गुणायचं, झालं दुधाचं बिल.

यात दोन गोष्टी आपण न शिकता बरोबर करतो. जे घडलं ते घडलेल्या दिवसाच्या चौकटीत, एकदाच लिहितो. आणि बेरीज कुठल्याच चौकटीत लिहीत नाही, ती लागेल तेव्हा काढतो. म्हणून १२ तारखेचा खाडा विसरला होता असं २० तारखेला आठवलं, तरी एकच खूण करायची. बिल आपोआप बरोबर येतं.

डेटाबेस म्हणजे एवढंच: ठरलेल्या रकान्यांत लिहिलेल्या नोंदी, ज्यांना पुढे हवा तो प्रश्न विचारता येतो. १९७० साली आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि प्रत्येक गोष्ट शक्यतो एकाच जागी असावी असा विचार मांडला. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. आपल्याला त्यातला कॅलेंडराएवढाच भाग पुरे.

## पाच रकाने, आणि त्यातले दोन महत्त्वाचे

घरखर्चाची वही साधारण अशी सुरू होते: तारीख, कशावर, किती. महिनाभर छान चालते. मग क्रेडिट कार्डाचं बिल येतं आणि गोंधळ उडतो. ३ तारखेला कार्डावर किराणा घेतला २,३४० रुपयांचा, तेव्हा लिहिला. १८ तारखेला कार्डाचं बिल भरलं, तेही लिहिलं. किराणा दोनदा मोजला गेला. पैसे आपोआप मोजणाऱ्या ॲपमध्येही ही चूक सर्रास दिसते, कारण खात्यातून पैसे गेले की त्याच्या लेखी तो खर्च.

यावर उपाय जुना आहे. 'कशावर' हा एक रकाना काढायचा आणि त्याजागी दोन करायचे: 'कुठून' आणि 'कुठे'. शेवटी 'कशासाठी'. म्हणजे तारीख, किती, कुठून, कुठे, कशासाठी:

२०२५-०६-०१ | ६२००० | पगार | बचत खाते | मे महिन्याचा
२०२५-०६-०३ | २३४० | क्रेडिट कार्ड | किराणा | महिन्याचं सामान
२०२५-०६-०५ | ३००० | बचत खाते | पाकीट | एटीएम
२०२५-०६-०५ | ६० | पाकीट | बाहेरचं खाणं | वडापाव
२०२५-०६-१८ | २३४० | बचत खाते | क्रेडिट कार्ड | बिल भरलं

शेवटची ओळ बघा. पैसे बचत खात्यातून कार्डाकडे गेले. खर्चाला हातच लागला नाही. एटीएमचंही तसंच. तीन हजार खर्च झालेले नाहीत, एका खिशातून दुसऱ्या खिशात आलेत. खर्च झाला तो साठ रुपयांचा.

अकरावीला कॉमर्स घेतलेल्यांच्या हे लक्षात आलं असेल. ही द्विनोंदी पद्धत. पुस्तपालनाच्या तासाला घोकलेलं 'लाभ घेणाऱ्याचं खातं नावे, देणाऱ्याचं जमा' ते हेच. इटलीत लुका पाचोलीने १४९४ साली छापील पुस्तकात ही पद्धत सांगितली, आणि आपल्याकडच्या पेढ्यांवर कीर्द आणि खतावणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. आपला तक्ता म्हणजे कीर्द, रोजच्या नोंदी. खतावणी, म्हणजे खातंनिहाय हिशेब, हाताने लिहायची गरज उरली नाही. ती संगणक काढून देतो. 'नावे' आणि 'जमा' यांत मात्र माणसं अडखळतात, म्हणून मी घरी 'कुठून-कुठे' एवढंच ठेवलंय.

याच्या जोडीला दुसरा एक छोटा तक्ता लागतो: खात्यांची यादी. प्रत्येक नावापुढे ते चारांपैकी काय ते लिहायचं. आपली मालमत्ता (बचत खाते, पाकीट, एफडी, मेहुण्याला दिलेले उसने), देणं (कार्ड, गृहकर्ज), मिळकत (पगार, व्याज) किंवा खर्च (किराणा, वीज, शाळा). कुठल्याही खात्याची शिल्लक म्हणजे 'कुठे'मध्ये ते नाव असलेल्या रकमांची बेरीज, वजा 'कुठून'मध्ये ते नाव असलेल्या रकमांची बेरीज. एक्सेलमध्ये सम-इफ नावाचं सूत्र हेच करतं.

तारीख वर्षापासून उलटी लिहिली आहे ती हौस म्हणून नव्हे. ०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर तो ४ मार्च समजतो आणि तसं सांगतही नाही. १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र त्याला कळत नाहीत, त्या तो नुसती अक्षरं म्हणून ठेवतो. पहिले बारा दिवस बारा वेगवेगळ्या महिन्यांत विखुरतात, उरलेले बेरजेतून गळतात.

## भिशीचं काय करायचं?

ही वही खरी कसाला लागते ती भिशीत. बाराजणींची भिशी, महिन्याला दोन-दोन हजार. चौथ्या महिन्यात तुमचा नंबर लागला आणि चोवीस हजार हातात आले. साध्या वहीत दरमहा दोन हजार खर्च दिसतो आणि चौथ्या महिन्यात अचानक चोवीस हजारांची मिळकत. दोन्ही खोटं. भिशी हा खर्च नाही आणि चिठ्ठी निघणं ही कमाई नाही.

'भिशी' असं एक खातं उघडा. दरमहा दोन हजार 'बचत खाते' मधून 'भिशी'त. चौथ्या महिन्यापर्यंत तिथे आठ हजार जमले. चोवीस हजार 'भिशी'तून 'बचत खात्या'त. शिल्लक उणे सोळा हजार. हे उणे बघून घाबरायचं नाही, ते वस्तुस्थिती सांगतंय: तुम्ही मैत्रिणींचं सोळा हजार देणं लागता. पुढच्या आठ महिन्यांत दोन-दोन हजार भरत ते बरोबर शून्यावर येतं. आलं नाही तर एखादा हप्ता लिहायचा राहिलाय, किंवा भरायचा. दुसरी शक्यता आपल्याआधी ग्रुपवर कळते.

गृहकर्जाचा हप्ताही असाच फोडायचा. तीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता सुमारे २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० व्याजाचे, उरलेल्या ४,७८५ नी मुद्दल कमी होतं. म्हणून दोन ओळी. एक 'बचत खाते' ते 'कर्जाचं व्याज', हा खर्च. दुसरी 'बचत खाते' ते 'गृहकर्ज', ही देण्याची फेड. फोड बँकेच्या कर्जखात्याच्या उताऱ्यात मिळते. कंटाळा येत असेल तर वर्षातून एकदाच ती ओळ दुरुस्त करा, आकाश कोसळत नाही. एसआयपीला तर फोडही लागत नाही, 'बचत खाते' ते 'म्युच्युअल फंड' एवढंच. "महिन्याला पाच हजार एसआयपीत *जातात*" म्हणणारे पुष्कळ भेटतात. जात नाहीत हो, तुमचेच आहेत.

## एक्सेल आहे की, डेटाबेस कशाला?

खरं आहे. घरासाठी एक्सेल किंवा गूगल शीट पुरतं, मी स्वतः त्यातच लिहितो. पण स्प्रेडशीट हा मोकळा कागद आहे. त्यावर कुठेही काहीही लिहिता येतं, आणि ते निमूट घेतं. डेटाबेस छापील फॉर्मसारखा असतो, तारखेच्या जागी 'परवा' लिहिलंत तर परत करतो.

मोकळ्या कागदाचा फटका थोरामोठ्यांनाही बसलाय. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेकडून १५,८४१ कोविड रुग्णांची नोंद रोजच्या आकडेवारीतून निसटली, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलींतून पुढे जात होती. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळींहून जास्त मावत नाहीत. आपल्या घरात तेवढ्या ओळी होणार नाहीत, पण घरगुती अपघात वेगळे. एक दिवस 'किराणा' लिहिलं, दुसऱ्या दिवशी 'किराना', घाईत कधीतरी 'वाणी'. संगणकाला हे तीन वेगळे खर्च. इलाज म्हणजे 'कुठून' आणि 'कुठे' हे रकाने हाताने टंकायचेच नाहीत. डेटा व्हॅलिडेशन नावाची सोय वापरून खात्यांच्या यादीतूनच नाव निवडायचं. एवढं केलंत की तुमचं शीट निम्मं डेटाबेस झालं.

आणि कृपा करून महिने आडवे मांडू नका. जानेवारी, फेब्रुवारी असे बारा रकाने आणि उभे खर्चाचे प्रकार, हा तक्ता दिसायला देखणा असतो, पण तो उत्तराचा तक्ता आहे, नोंदीचा नाही. एकदा 'वीज, मे: ४,१००' असं लिहून बसलात की ते एक बिल होतं की दोन, कुणी भरलं, कधी भरलं, सगळं गेलं. नोंद उभी, एका व्यवहाराला एक ओळ. आडवा तक्ता हवा तेव्हा शीटमधली पिव्होट टेबल ही सोय तो नोंदींवरून क्षणात काढून देते.

ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी दोन फुकट वाटा आहेत. ग्नूकॅश हा १९९८ पासूनचा प्रोग्राम याच कुठून-कुठे पद्धतीवर चालतो. अव्वल आहे, पण पहिले दोन रविवार मागतो. दुसरी वाट एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला हा डेटाबेस म्हणजे एकच फाइल, सर्व्हर वगैरे काही नाही. तुम्ही तो आत्ताही वापरताय. व्हॉट्सॲप फोनवर आपले संदेश एसक्यूलाइटच्या फायलीतच ठेवतं. त्याची फाइल उघडून तक्त्यासारखी बघायला डीबी ब्राउझर नावाचा फुकट प्रोग्राम मिळतो. प्रश्न विचारायची भाषा थोडी शिकावी लागते. हौस असेल तरच जा, हिशेबासाठी तिची सक्ती नाही.

## बँकेतून सगळं आपोआप येत नाही का?

येतं की. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी 'अकाउंट ॲग्रिगेटर' ही व्यवस्था सप्टेंबर २०२१ पासून सुरू आहे. वेगवेगळ्या बँकांतली आपली माहिती, आपल्या संमतीने, ठरल्या मुदतीपुरती एका ठिकाणी नेता येते. मधला निरोप्या ती माहिती वाचू शकत नाही, ती कुलूपबंद पाकिटातून जाते. संमती काढूनही घेता येते.

पण बँकेला ठाऊक असतं ते पैसे *कुणाला* गेले. *कशासाठी* गेले ते तिला कसं कळावं? सुपरमार्केटच्या ४,२०० च्या बिलात तूरडाळ आहे, मुलीचं दप्तर आहे आणि सासूबाईंसाठी घेतलेली चादर आहे. बँकेच्या लेखी ही एक ओळ. आपल्या वहीत तीन. शिवाय भाजीवाली, मोलकरीण, देवळातली पेटी, रिक्षा, यांतलं जे रोखीने जातं ते बँकेला दिसतच नाही.

माझ्या मते स्टेटमेंटचा खरा उपयोग मेळ घालायला. महिन्याच्या पहिल्या रविवारी वहीतली बचत खात्याची शिल्लक आणि बँकेतली शिल्लक शेजारी ठेवायची. दहा पैशांचाही फरक असेल तर शोधायचा, कारण दहा पैशांचा फरक हा कधी कधी ५,००० जास्त आणि ४,९९९.९० कमी अशा दोन चुकांचा असतो.

## चहाचे दहा रुपयेही लिहायचे?

नाही. पाकिटातले पैसे मोजायचे. वही म्हणते १,२४०, पाकिटात निघाले ९००. ३४० गेले कुठेतरी. एक ओळ: 'पाकीट' ते 'आठवत नाही', ३४०. एवढ्यावर विषय सोडायचा. हे 'आठवत नाही' खातं मी मुद्दाम ठेवलंय. ते नसतं तर पाकिटाचा मेळ बसवण्यासाठी मी खोट्या नोंदी केल्या असत्या, आणि एकदा खोटी नोंद केली की वहीवरचा विश्वासच उडतो.

प्रकारही फार करू नका. वीस खूप झाले. 'फळभाजी' आणि 'पालेभाजी' वेगळी ठेवणारा गृहस्थ मी पाहिलाय. मार्चपर्यंत टिकला.

## पण रोज लिहिणार कोण?

हा आक्षेप सगळ्यांत खरा. वह्या बंद पडतात त्या आळसापायी कमी आणि लॅपटॉप उघडावा लागतो म्हणून जास्त. यावर मला सापडलेली युक्ती अशी: गूगल फॉर्म बनवायचा. चार प्रश्न, किती, कुठून, कुठे, कशासाठी. मधल्या दोन प्रश्नांना यादीतून निवड. त्या फॉर्मची खूण घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर पहिल्याच पानावर ठेवायची. रिक्षातून उतरताना वीस सेकंदांत नोंद होते, आणि प्रत्येक उत्तर शीटमध्ये तारीख-वेळेसकट नवी ओळ होऊन बसतं.

घरात दोघं कमावते असतील तर याचा आणखी एक फायदा. आमच्याकडे गॅसचे पैसे कुणी दिले यावरून अर्धा तास चर्चा व्हायची. आता शोधलं की सापडतं. चर्चा होते, पण दुसऱ्या विषयावर.

## उद्या ते ॲपच बंद पडलं तर?

हा प्रश्न ॲप निवडायच्या *आधी* विचारायचा. मायक्रोसॉफ्टने 'मनी' हा घरगुती हिशेबाचा प्रोग्राम २००९ मध्ये विकणं थांबवलं. अमेरिकेतलं 'मिंट' एके काळी या क्षेत्रातलं सर्वांत गाजलेलं नाव, ते मार्च २०२४ मध्ये बंद झालं. कंपनी मोठी असणं ही इथे हमी नाही.

म्हणून माझी अट एकच: सगळ्या नोंदी सीएसव्हीत बाहेर काढता आल्या पाहिजेत. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर-फाइल, ती नोटपॅडमध्येही उघडते आणि वीस वर्षांनीही उघडेल. ॲप घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात पाच नोंदी करा, फाइल बाहेर काढा, उघडून बघा. ही सोय 'प्रीमियम'मध्ये असेल तर पुढचं ॲप बघा.

मराठीत लिहिणाऱ्यांना इथे एक धक्का बसतो. ती फाइल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली की 'किराणा'च्या जागी चित्रविचित्र चिन्हं येतात. फाइल बिघडलेली नसते. एक्सेलमध्ये आत जाऊन 'डेटा' खालून ती आयात करायची आणि अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली आहेत असं विचारलं की यूटीएफ-८ निवडायचं. अक्षरं जागच्या जागी दिसतात. फक्त त्या चिन्हांसकट सेव्ह करू नका.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. वहीत पासवर्ड, पिन, कार्डाचा पूर्ण क्रमांक यांचं काही काम नाही, खात्याला 'बचत खाते १' म्हटलं तरी बेरीज तीच येते. एसएमएस वाचायची परवानगी मागणाऱ्या ॲपबाबत मी कचरतो, कारण ओटीपीही त्याच डब्यात येतात. आणि महिन्यातून एकदा फायलीची प्रत पेन ड्राइव्हवर.

## एवढं करून मिळतं काय?

पहिले दोन महिने काही नाही. तिसऱ्या महिन्यापासून वही बोलायला लागते. जुलैत विम्याचा हप्ता, जूनमध्ये शाळेची फी, दिवाळीची खरेदी, हे सगळे 'अचानक आलेले' खर्च दरवर्षी त्याच महिन्यात येत असतात. त्यांची वर्षाची बेरीज करा, बाराने भागा, तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका.

दुसरा उपयोग आपण घरात बोलायला टाळतो. खात्यांची यादी, तो छोटा तक्ता, हा अख्ख्या घराचा नकाशा असतो. कुठल्या शाखेत एफडी आहे, कुठली पॉलिसी चालू आहे, हे अनेक घरांत एकाच माणसाला माहीत असतं. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग करतात. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' हे पोर्टल सुरू केलं, आणि वारसांना ते पैसे मागताही येतात, पण आधी ते आहेत हे कळायला हवं. म्हणून त्या यादीत आणखी एक रकाना घाला: नॉमिनी. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात. यादीची छापील प्रत कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली.

सुरुवात करायला १ एप्रिलची वाट बघू नका. आज जी शिल्लक असेल ती 'सुरुवातीची शिल्लक' या खात्यातून एकेका खात्यात टाका, चार-पाच ओळी होतील. मागच्या महिन्यांचं उकरत बसू नका. पाकीट मोजताना मात्र पँटचे खिसे आणि डाळीच्या डब्यातले पैसे धरा. आमच्याकडे डब्यातले धरायचे राहिले होते. पहिल्याच महिन्यात 'आठवत नाही' खात्यात उणे अठराशे आले. म्हणजे आम्ही न आठवता कमावले होते.